शेवटचा अर्धा तास

"येऊ दे... येऊ दे... डावीकडे तोड... येऊ दे... बास!"

हे मी आजवर किती हजार वेळा म्हटलं असेन कुणास ठाऊक. चिनी मातीची भांडी विकते. एकोणीस वर्षं झाली, आठवड्याला दोन बाजार. बाजार उठायच्या वेळी नवरा टेम्पो रिव्हर्स घेत दुकानाशी आणतो आणि मी फाळक्यावर तळवा टेकवून त्याला मागे मागे बोलावते. फाळक्यावर थाप पडली की त्याने ब्रेक मारायचा, हा आमचा ठरलेला करार. सवय अशी जडली होती की तोंड आपलं चालू राहायचं आणि डोळे भलतीकडेच असायचे.

त्या संध्याकाळी माझे डोळे कपबश्यांच्या एका खोक्यावर होते. घाईत मीच ते टेबलाच्या कडेला सरकवलं होतं आणि आता ते पडतं की काय, या काळजीत होते. तोंडाने "येऊ दे" चालू. टेम्पोच्या मागे चार-पाच वर्षांची एक मुलगी उकिडवी बसून सँडलचा बंद लावत होती. आई दोन पावलं पुढे गेलेली. उकिडवं बसलेलं मूल बंपरपेक्षा बुटकं असतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. आरशात ते दिसणं शक्यच नाही. मला दिसू शकलं असतं, पण मी पाहतच नव्हते.

पाहिलं ते शेजारच्या काकांनी. ते जुनी हत्यारं विकायचे, पाने, हातोड्या, लोखंड घट्ट धरून ठेवायचे शेगडे, कानशी. छताचा लोखंडी पाइप काढून त्यांनी नुकताच हातात घेतला होता. तोच त्यांनी टेम्पोच्या पत्र्यावर हाणला. ठण्ण! नवऱ्याने घाबरून ब्रेक दाबला. मुलीची पाठ आणि बंपर यांच्यात एक वीत आणि वर चार बोटं अंतर राहिलं. मी नंतर हाताने मोजलं, म्हणून सांगते.

मुलीने शांतपणे बंद लावला, उठली आणि निघून गेली. तिला काही कळलंच नाही. आईला कळलं. ती माझ्याकडे बघत होती, ओरडली नाही, आणि त्या बघण्यापुढे पत्र्यावरचा पोचा काहीच नव्हता.

पुढे मी हिशेब मांडला. माणूस भरभर चालतो तो साधारण ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड मीटर. धोका कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी दीड मीटर मागे आलेली असते. आम्ही वाचलो ते नवरा अर्ध्या क्लचवर मुंगीच्या पावलाने येत होता म्हणून, आणि काकांच्या हातात पाइप होता म्हणून. माझ्यामुळे नाही.

पुढच्याच महिन्यात बाजाराच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब उभे राहिले. बाजार मांडल्यापासून उठेपर्यंत आणि उठल्यावरही एकही गाडी आत येणार नाही, माल हातगाडीने न्यायचा, असा फतवा निघाला. आता मी कोणत्या तोंडाने विरोध करणार? कारण मीच होते. दोन महिने गप्प बसले.

मग विरोध केला.

कारण सांगते. माझा माल म्हणजे अडतीस खोकी, एकेक वीस किलोच्या आसपास. त्यात छताचा सांगाडा, दोन टेबलं आणि वाऱ्याने छत उडू नये म्हणून चार पायांना बांधायची पंधरा-पंधरा किलोची वजनं. एकूण नऊशे किलोला थोडंसंच कमी. ट्रॉलीवर एका वेळी चार खोकी बसतात, पाचवं ठेवलं की आवाज येतो आणि तो आवाज म्हणजे एक बशी गेली. दुकानापासून गाडीतळापर्यंत दोनशे चाळीस पावलं. बारा खेपा, जाऊन-येऊन. सकाळी चार किलोमीटर, संध्याकाळी चार किलोमीटर. नाही म्हणायला परतीची ट्रॉली रिकामी असते.

तेही करता आलं असतं, पण ट्रॉलीला ब्रेक नसतो. ऐंशी किलो माल घेऊन उताराला लागलेली ट्रॉली ओढणाऱ्यालाच ढकलत नेते. फरशीच्या सांध्यात पुढचं चाक अडकलं की मागचा भार कलंडतो. चौथ्याच आठवड्यात मी एका गृहस्थाच्या टाचेवर ट्रॉली घातली. त्यांचा बूट होता म्हणून निभावलं, तरी लंगडत गेले. टेम्पो बाहेर गेला, त्याच्या जागी बावीस ट्रॉल्या आत आल्या, त्याही ऐन गर्दीत, कारण बारा खेपा करायच्या तर कधीतरी सुरुवात करावीच लागते, आणि सगळेच बाजार उठायच्या एक तास आधी सुरुवात करायला लागले.

आमच्या बाजारात एक गिऱ्हाईक येतात, त्यांना दिसत नाही, पांढरी काठी घेऊन फिरतात. बशीच्या कडेवरून बोट फिरवून टवका शोधतात. माझ्यापेक्षा चांगला शोधतात. ते म्हणाले, "टेम्पो बरा होता हो. त्याचा आवाज यायचा, धुराचा वास यायचा. ट्रॉली अंगावर येईपर्यंत कळत नाही." विजेच्या गाड्यांचंही तेच. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून नव्या विजेच्या गाड्यांना ताशी वीस किलोमीटरपर्यंतच्या वेगात मुद्दाम आवाज करावा लागतो. शांत गाडी सगळ्यांना हवी असते. ज्याला ती ऐकूनच चुकवायची आहे, त्याचं काय?

आणि हत्यारंवाले काका. त्यांचा माल माझ्यापेक्षा जड. एक शेगडाच दोघांनी उचलायचा. वय सदुसष्ट. तीन महिने त्यांनी रेटलं, मग एका आठवड्यात ते आले नाहीत, पुढच्याही आठवड्यात नाहीत, आणि मग त्यांच्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकणारा एक मुलगा बसायला लागला. त्याचा सगळा माल दोन बॅगांत मावतो. आता पत्र्यावर पाइप हाणायला कोण होतं?

त्यानंतर मी वाचायला बसले. मला वाटत होतं हे भांडण आमच्या काळातलं, टेम्पो आल्यापासूनचं. तसं नाही. दक्षिण इटलीत सापडलेला एक कांस्यपट आहे, त्यातला कायदा बहुतेक जण ज्युलियस सीझरच्या काळातला मानतात. त्यात रोम शहरात सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालाच्या बैलगाड्यांना बंदी आहे. मला आवडले ते त्यातले अपवाद. देवळाच्या बांधकामाचं सामान नेणाऱ्याला सूट, सरकारी काम असेल तर सूट, आणि रात्री आत आलेली गाडी दिवसा रिकामी किंवा शहरातली घाण घेऊन बाहेर पडत असेल तर तिलाही सूट. हे कलम लिहिणारा माणूस सकाळी वेशीवर उभा राहिलेला असणार. एरवी त्याला कसं कळलं असतं की आत येणं आणि बाहेर पडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत? पुढे दीडेकशे वर्षांनी तिथलाच एक कवी, रात्रभर गाड्यांच्या खडखडाटाने झोप लागत नाही, म्हणून वैतागून लिहून गेला. दिवसाची कटकट रात्रीवर ढकलली, एवढंच झालं.

आताची उदाहरणंही सापडली. कोपनहेगनमधला स्ट्रॉगेट हा व्यापारी रस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये आधी प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला. धंदा बसेल म्हणून दुकानदार ओरडत होते. १९६४ मध्ये बंदी कायम झाली आणि आज तिथे चालायला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मनाई आहे. हे दाखले बाजाराच्या बैठकीत सगळे देतात. मी म्हणते, द्या. पण ती पक्की दुकानं आहेत. माल रात्री आत टाकला, शटर ओढलं, झालं. आमचं दुकान रोज जन्मतं आणि रोज मरतं. ते सकाळी गाडीतून उतरतं आणि संध्याकाळी गाडीत चढतं. माल पोचवण्याची वेळ आम्हाला पाळता येते. मुक्काम नाही करता येत.

दुसरी एक गोष्ट वाचताना माझा हात थांबला. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात १६ जुलै २००३ ला शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारात एक मोटार घुसली. चालवणारे गृहस्थ ८६ वर्षांचे, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला. जेमतेम दहा सेकंदांत गाडी जवळजवळ तीनशे मीटर बाजारातून गेली. दहा माणसं मेली, साठाहून अधिक जखमी झाली. रस्ता बंद केलेला होताच, पण लाकडी घोड्या आणि पाट्या लावून. चौकशीत स्पष्ट म्हटलं गेलं की गाडी थांबवू शकेल असा भक्कम अडथळा नव्हता, म्हणून हानी इतकी वाढली.

हे वाचल्यावर खांबांवरचा माझा राग गेला. खांब हवेतच. मात्र ते कशासाठी हवेत हेही त्याच दिवशी नीट कळलं. बाहेरून चुकून किंवा मुद्दाम भरधाव येणारी गाडी हे एक संकट. आतलीच, ओळखीची, मुंगीच्या पावलाने मागे येणारी गाडी हे दुसरं. पहिल्याला लोखंड लागतं. दुसऱ्याला लोखंडाचा काही उपयोग नाही, त्याला घड्याळ लागतं आणि बघणारे डोळे लागतात. आमच्याकडे दुसरं संकट घडता घडता राहिलं आणि त्यावर पहिल्याचं औषध दिलं गेलं.

(खांबांच्या बाबतीत एक गंमत. दोन खांबांत मोकळी जागा एक मीटर वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर लहान मोटार निसटते, आणि नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर चाकांची खुर्ची अडकते. आमचे मी टेपने मोजले तर एकशे पाच भरले, चांगलं काम. मधला एक खांब काढता येतो, रुग्णवाहिका आणि बंबासाठी. त्याच्या किल्ल्या तीन. एकदा एका बाईला चक्कर आली, रुग्णवाहिका खांबापाशी येऊन थांबली आणि तिन्ही किल्ल्यांचे मालक एकमेकांना फोन करत होते. शेवटी स्ट्रेचर चालत आणलं.)

तर घड्याळ. मी चार बाजार नुसती बघत बसले, वहीत वेळ टिपत. सकाळी काहीच अडचण नसते. गाड्या येतात तेव्हा गिऱ्हाईक झोपलेलं असतं. आम्ही ताजे असतो, उजेड वाढत जात असतो, आणि जो उशिरा येतो त्याला बाकीचे शिव्या देतात, म्हणून सगळे वेळेवर येतात. संध्याकाळी नेमकं उलटं. उजेड कमी होत जातो. दहा तास उभं राहून पायांचे खांब झालेले असतात. ज्याचा माल लवकर संपला त्याला आधी निघायचंय. आणि नेमकं तेव्हाच उतरत्या भावाला टपलेलं गिऱ्हाईक आलेलं असतं, लेकरंबाळं घेऊन. हे सगळं एकाच अर्ध्या तासात. आमच्या इथली भांडणं, पडलेली खोकी, चेंगरलेली बोटं, मी टिपलेलं जवळजवळ सगळं त्या अर्ध्या तासातलं निघालं. बंदीचा नियम मात्र दिवसभराचा होता. ज्या नऊ तासांत कुणी गाडी आणतच नाही, त्या नऊ तासांतही बंदी!

वही घेऊन बैठकीला गेले. बोलताना आवाज कापत होता, कारण सुरुवातच "त्या दिवशी चूक माझी होती" अशी करायची ठरवली होती. ती केली, आणि मग पुढचं लोकांनी ऐकलं.

वाद बराच झाला. बाजारात तासन्‌तास थांबणारे आम्हीच, म्हणून आमचंच ऐकावं असं एक म्हणाला. त्यावर एका आजींनी, त्या रोज चालायला येतात, त्याला विचारलं, "आणि मी कुठून चालू?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एकाने नेदरलँड्समधल्या हॅन्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्याचं नाव काढलं. तो खुणा, दिवे, पाट्या काढून टाकायचा. माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून सांभाळून जातात, असं त्याचं म्हणणं, आणि ते दाखवायला तो स्वतः पाठमोरा वाहत्या रस्त्यात चालत जायचा. धाडस आहे खरं. पण रिव्हर्स येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं तर कुठून? आणि ज्यांना दिसतच नाही त्यांनी? आमचे बशीवाले गृहस्थ मागच्या रांगेत बसले होते, त्यांनी नुसती काठी आपटली.

शेवटी जे ठरलं ते असं. बाजार संपला की घंटा. घंटेनंतर विक्री बंद, वीस मिनिटं गिऱ्हाइकांना बाहेर पडायला. या वीस मिनिटांत एकही इंजिन सुरू करायचं नाही. आम्ही खोकी भरायची, छत उतरवायचं, सगळं फाळक्याच्या उंचीला रचून ठेवायचं. मग दुसरी घंटा, खांब निघतो, आणि गाड्या एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. रिव्हर्स नाहीच. त्यासाठी मधली ओळ अर्ध्या मीटरने सरकवावी लागली आणि दोन दुकानांच्या जागा गेल्या, त्यांना कडेला हलवलं. एकजण अजून माझ्याशी बोलत नाही. गाड्या आठ-आठच्या गटाने येतात, पलीकडच्या तोंडाजवळची दुकानं आधी, म्हणजे मागच्याची वाट अडत नाही. प्रत्येक गटाच्या पुढे चमकता अंगरखा घातलेला एक माणूस चालतो. गाडीने त्याच्या पुढे जायचं नाही. वेगाची पाटी लावलीच नाही, त्याचे पायच पाटी.

हे पहिल्याच दिवशी मोडलं. ज्याचा माल दुपारी तीनला संपला तो म्हणाला, मी तीन तास काय करू? खरं आहे त्याचं. त्याला सांगितलं, हातगाडीने नेता येण्याइतकं असेल तर खुशाल ने, पण दोन खोक्यांवर तिसरं नको, म्हणजे पुढचं दिसेल. तो कुरकुरत बसला. आता येताना पत्त्यांचा कॅट आणतो. आणि पावसाचा दिवस तर विसरताच येत नाही. वादळी वारा सुटला, छतं पतंगासारखी ओढ घ्यायला लागली, आणि पाच जणांनी घंटेची वाट न बघता खांब काढून गाड्या आत घातल्या. गिऱ्हाईक आडोशाला आमच्याच छतांखाली दाटीने उभं होतं. काही झालं नाही, नशीब. तेव्हापासून वाऱ्यासाठी वेगळा नियम आहे. आधी छतं उतरवायची, माल भिजला तर भिजू द्यायचा, गाडी शेवटी. कापडवाले ऐकत नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं बहुधा. चिनी मातीला पावसाचं काय?

रिव्हर्सच्या कॅमेऱ्याबद्दल नेहमी विचारतात. लावा की. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना तो सक्तीचाच आहे, घराच्या अंगणात मागे येणाऱ्या गाड्यांखाली लहान मुलं जात होती म्हणून. आम्हीही बसवलाय. पण संध्याकाळी खोकी चढवताना काचेवर धूळ बसते, आणि नवरा पडद्याकडे बघायला लागला की आरशाकडे बघत नाही. पुढे चालणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

दर बाजारी अंगरखा दुसऱ्याकडे असतो. माझी पाळी सहा-सात आठवड्यांनी येते. मी पुढे चालत असते, मागे आठ गाड्यांची धुसफूस, आणि दर दहा पावलांना मी थांबून खाली वाकते. टेबलाखाली बघते, छताच्या गुंडाळीमागे बघते. पोरं वाटते त्यापेक्षा फार कमी जागेत मावतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

काकांना मी फोन केला होता. या, आता गाडी दुकानापर्यंत येते, असं सांगितलं. ते आले, फिरून बघितलं, घंटा वाजवून बघितली. म्हणाले, जागा तर गेली. अर्धी जागा त्या कव्हरवाल्या पोराने द्यायची कबूल केलीय, त्याला तेवढी पुरते. काका अजून विचार करतायत. शेगडे आणणार नाहीत, फक्त हातोड्या आणि पाने आणू म्हणतात.

पुढच्या बैठकीत एकच विषय आहे. दिवस लहान होतायत, तेव्हा घंटा दहा मिनिटं अलीकडे घ्यायची का. दहा मिनिटं म्हणजे शेवटची पाच-सहा गिऱ्हाइकं, आणि शेवटची गिऱ्हाइकंच मोठा सेट घेतात. माझं मत घंटा अलीकडे घेण्याकडे आहे. नवऱ्याचं नाही.